मंगळावरचा पहिला भात

घुमटाखाली पृथ्वीचे पाहुणे खांद्यावर टॉवेल टाकून ताटकळले होते. मंगळाच्या पोटातून काढलेलं पाणी आजही थंडच निघालं, तर ते परत जाणार आणि वैजयंतीची वस्ती उठणार. पाण्याची उष्णता मोजणाऱ्या यंत्राचा आकडा दोनदा खोटा ठरला होता. म्हणून तिने कोकणातल्या गरम झऱ्यांवरची जुनी रीत धरली. तांदळाची पुरचुंडी झऱ्याच्या तोंडाशी सोडली.

"बयो, मी गुडघे शेकायला आलेय, जेवायला नाही!" पाहुण्यांतल्या तुळसाआजी करवादल्या.

"झरा आधी जेवू घालतो आजी, मग न्हाऊ घालतो."

बऱ्याच वेळाने तिने पुरचुंडीची गाठ सोडली. जाईच्या कळ्यांसारखा भात वाफाळत फुलला होता.

आजींनी घास घेतला. "मीठ विसरलीस गं!" म्हणत त्यांनी काठी भिरकावली आणि झऱ्याचं पाणी जरा निवून साचायचं त्या खालच्या कुंडात उडी मारली. मंगळावरची उडी ती, पाखरासारखी तरंगतच गेली.