मास्क आणि हनुवटी

रोहिदासने मास्कचे तोंड तळहाताने झाकून श्वास ओढला. मास्क चेहऱ्याला चिकटायला हवा होता. पण दाढीतून हवा शिरतच राहिली.

“धूरही असाच शिरेल,” अग्निशमन केंद्राचे साहेब म्हणाले. “आगीत जायचं असेल तर दाढी काढ. नाहीतर बाहेर राहून पाण्याचा पाइप ओढ.”

लग्नाआधीपासून त्या दाढीआड त्याने खळी पडलेली, पोरकट हनुवटी लपवली होती. बायको हसेल ही धास्ती होतीच. तरी त्याने वस्तरा मागितला. मास्क घट्ट बसला. “शाळा सुटली का रे?” बंबाच्या ड्रायव्हरने विचारले.

संध्याकाळी तो मान खाली घालून घरात शिरला. बायकोने त्याची हनुवटी वर करून बराच वेळ पाहिले, मग ती पाळण्यातल्या मुलीकडे वळली.

“म्हणजे हिची खळी तुमचीच की. मी आपली माहेरची माणसं आठवत बसले होते.”