काळी चिठ्ठी

"मॅडम, तुम्ही मेलात." सरावाची व्यवस्था पाहणाऱ्या हरितानं भामाबाईंच्या मनगटाला काळी चिठ्ठी बांधली. "आता सराव संपेपर्यंत बोलायचं नाही. जमेल ना?"

प्रश्न उगाच नव्हता. भामाबाई निवृत्त मेट्रन. आगीच्या बंबावरच्या आणि अ‍ॅम्ब्युलन्सवरच्या माणसांना प्रशिक्षण आणि मनाला आधार देणाऱ्या संस्थेच्या अध्यक्ष. त्या सलग दहा मिनिटं गप्प बसल्याचं तंजावुरात कुणी पाहिलं नव्हतं.

तिरुवैयारु रस्त्यावरच्या एका कॉलेजच्या मैदानात बस उलटल्याचा सराव होता. प्रेत होणारा विद्यार्थी आलाच नाही. बाकीच्यांना जखमी व्हायचं होतं; कण्हायला, किंचाळायला मिळतं म्हणून. नुसतं मरायला कुणी तयार नव्हतं. शेवटी अध्यक्षांनी पदर खोचला आणि कडुलिंबाखाली आडव्या झाल्या.

तसंही त्यांचे दिवस भरत आले होते. संस्थेत त्यांनी हौसेनं एक खोली सजवली होती. निळा सोफा, एसी, पगारी समुपदेशक. दिवसभर रक्त आणि राख पाहिलेल्यांनी तिथं येऊन मन मोकळं करायचं. दोन वर्षांत तिघं आले. पहिल्याला वरच्या मजल्यावरचा दातांचा डॉक्टर हवा होता. दुसरा एसीत झोपून गेला. तिसऱ्याला भामाबाईंनीच दंडाला धरून आणलं आणि मन मोकळं करण्याच्या सात पायऱ्या दीड तास समजावल्या. तो पुन्हा दिसला नाही. संध्याकाळच्या सभेत खोली बंद करायची आणि अध्यक्षही बदलायचा, असं विश्वस्त भरद्वाजांनी कालच कळवलं होतं.

शिट्टी झाली. आरडाओरडा सुरू झाला. लाल चिठ्ठीचे, म्हणजे गंभीर जखमी आधी, मग पिवळ्या चिठ्ठीचे. अ‍ॅम्ब्युलन्सवरचा प्रवीणकुमार धावत आला, नाकाशी बोट धरलं, काळी चिठ्ठी पाहिली. मेलेल्याला सोडून पुढं जायचं, असा नियम. पण त्याचे जखमी हलवून झाले होते, गाडी परत येईपर्यंत त्याला काम नव्हतं. तो शेजारी मांडी घालून बसला.

"मॅडम, खरंच मेलात?"

भामाबाईंनी डोळे घट्ट मिटून घेतले.

"बरं झालं," तो म्हणाला.

मग त्यानं इकडं तिकडं पाहिलं आणि तमिळ सोडून मराठीत बोलू लागला. राजवाड्याच्या गल्लीतली, घरात बोलायची मराठी. मैदानात ती या दोघांनाच कळत होती.

"एप्रिलमधे दोघं पडले होते, अक्का. एका बाइकवरचे. गाडीत जागा एकाची. एकजण नुसता बोंबलत होता. दुसरा गप्प. तुम्हीच शिकवलेलं, ओरडणारा थांबू शकतो, गप्प पडलेला आधी बघायचा. परीक्षेत मी पहिला आलो." तो गवताची काडी तोडत राहिला. "मी ओरडणाऱ्याला उचललं. आवाज सहन होईना म्हणून. दुसरी गाडी वीस मिनिटांनी आली. तोवर गप्प पडलेला गेला."

भामाबाईंची जीभ वळवळली. तुझी चूक नाही, पायरी तिसरी. कानाच्या पाळीवर मुंगी चढत होती. दात आवळून त्या मेलेल्याच राहिल्या. आणि त्यांच्या लक्षात आलं, जिवंत असत्या तर त्यांनी या मुलाला 'एप्रिलमधे'च्या पुढं जाऊच दिलं नसतं.

"नंतर त्या गेलेल्याच्या घरी गेलो. त्याच्या अम्मानं माझे हात धरले. धावत आलास रे, म्हणाली. ताक दिलं. मी प्यालो आणि आलो. खरं सांगावं वाटतं तिला. पाय उचलत नाही."

तो थांबला. वाकून पाहिलं.

"मॅडम, मेलेली माणसं रडत नाहीत. मार्क जातील."

त्यानं खिशातल्या गॉजनं त्यांचे डोळे पुसले आणि पुढं बोलत राहिला. त्या पोराच्या चपलांबद्दल, स्वतःच्या झोपेबद्दल, बायकोला का सांगितलं नाही त्याबद्दल.

सराव संपल्याची लांब शिट्टी झाली. भामाबाई उठून बसल्या. केसांत गवत, पाठीला माती. प्रवीणकुमार कानापर्यंत लाल झाला आणि सात पायऱ्यांची वाट पाहत उभा राहिला.

"त्या अम्माकडे कधी जातोस?" त्यांनी विचारलं. "मी येते बरोबर. तोंड उघडणार नाही."

रविवारी दोघं गेले. भामाबाईंनी शब्द पाळला.

पण त्याआधी संध्याकाळची सभा झाली. भरद्वाज भाषण लिहून आले होते. ते चष्मा शोधत असतानाच भामाबाई म्हणाल्या, "खोली बंद करा. माझी चूकच झाली. सराव मात्र दर महिन्याला हवा, आणि समुपदेशकाला तिथंच पाठवा. अध्यक्ष कुणालाही करा. प्रेत मी."

ठेवणीतला विरोध असा वाया गेल्यानं भरद्वाजांनी भाषणाची घडी करून खिशात घातली. अध्यक्ष बदलायचं राहूनच गेलं. इतिवृत्तात नोंद झाली: 'प्रेताचं काम यापुढं अध्यक्ष पाहतील.'

पुढच्या सरावाच्या आदल्या दिवशी हरिता नावांची यादी घेऊन आली. कोण लाल चिठ्ठ्यांकडे, कोण पिवळ्यांकडे, कोण काळ्या चिठ्ठीकडे, ते ज्यानं त्यानं स्वतः लिहायचं होतं. ती वैतागली होती.

"मॅडम, हा सराव व्हायचा कसा? जखमींकडे जायला कुणी तयारच नाही. अठराच्या अठरा जणांना मेलेल्यापाशी बसायचंय."