तुमच्यासाठी खास

सासूबाईंनी शिलाई मशीनला टेकवलेला मोबाईल सुनेपुढे धरला. "रोज नवीन गाणी लावून ठेवतेस, आणि एकेक अशी, की पाय आपोआप मशीन चालवतात! माझी आवड कशी गं ओळखलीस?" पडद्यावर लिहिलं होतं, 'तुमच्यासाठी खास'. या घरात त्यांना 'तुम्ही' म्हणणारी एकटी सूनच, त्यामुळे त्यांचा समज पक्का होता. गाणी निवडत होतं मोबाईलमधलं ॲप. पण हातचं राखून कौतुक करणाऱ्या सासूबाईंना इतकं खुललेलं पाहून सुनेला खरं सांगवेना. त्या दुपारी तिने स्वतःचं सर्वांत लाडकं गाणं गुपचूप त्यांच्या मोबाईलवर लावून ठेवलं. संध्याकाळी सासूबाई सुईत दोरा ओवत म्हणाल्या, "आजचं काही जमलं नाही हं. नुसती आदळआपट!" सून ओशाळली. त्यांनी गाणं पुन्हा लावलं. "मग पुन्हा कशाला?" "थांब गं. तू दिलंयस ना? आवडून घेतेय."