घडीसकट

लेकीच्या पोस्टरवर अवकाशातल्या फार दूरच्या, अतितेजस्वी अशा एका क्वेसारच्या प्रकाशाचा रंगीत पट्टा होता. त्यातल्या काळ्या रेषा बाबांनी ब्रशने मोठ्या मायेने बुजवून टाकल्या. जन्म गेला जुने फोटो दुरुस्त करण्यात. ओरखडा दिसला की हात शिवशिवायचेच.

"अहो बाबा, ते ओरखडे नव्हते!" लेकीने कपाळावर हात मारला. "वाटेतले वायूचे ढग आपल्याला दिसत नाहीत. प्रकाश त्यांच्यातून आलाय, हे त्या रेषांवरूनच तर कळतं."

बाबा ओशाळले. टेबलावर पुढचं काम तयार होतं. लेकीचा लहानपणीचा फोटो, तिच्या आईने शेवटपर्यंत पर्समध्ये घडी घालून जपलेला. मधोमध पांढरी रेघ.

बाबांनी ब्रश धुऊन ठेवला.

"बरं झालं गं, वेळेत सांगितलंस."