दुसरी क्लिप

"आई, जरा मागं बस ना," सुनील हळूच म्हणाला. "पुढच्या खुर्च्या पाहुण्यांच्या आहेत."

मंगलबाई लगेच उठल्या. शेतातून निघून थेट एस्टीत बसल्या होत्या. साडीला कांद्याचा वास, चपलांना चिखल, हात पदराखाली. जुन्नरच्या त्या सभागृहात एवढी ओळखीची माणसं जमलेली, आणि सुनीलला आईची लाज वाटली. लाज वाटल्याचीही थोडी लाज वाटली, पण ती त्याने गिळून टाकली.

आईची पिशवी त्याने मागच्या रांगेकडे नेली. आतलं काहीतरी बोटाला टोचलं.

"काय आणलंयस यात?"

"माझंच हाये. जाताना लागतं." त्या खुर्चीत टेकल्या. "कारेक्रम झाल्यावर घरी येतोस ना? एकदा बघून तरी जा आमी कसं ऱ्हातोय. बिबट्यानं पार..."

"बातम्यांत वाढवून सांगतात गं. आणि मला आजच पुण्याला पोचायचंय."

"बरं. गोरखनं बोलावलं म्हणून आले मी. तुझं बघायला."

गेल्या दोन दिवाळ्या सुनील आपल्या गावी, बोरी बुद्रुकला, फिरकला नव्हता. मध्यंतरी आईच्या हाताला लागलं, तेव्हाही फोनवरच 'डॉक्टरला दाखव' म्हणून मोकळा झाला होता.

पुण्यात त्याचं व्हिडिओ गेमांवरचं चॅनल जोरात होतं. नवा गेम आला की कंपन्या छातीठोकपणे सांगत, आता खरं कुठलं नि गेममधलं कुठलं ते कळणारच नाही. मग सुनील त्यांची पिसं काढी. उजेड कुठे खोटा पडलाय, पाण्यातलं प्रतिबिंब कुठे गायब झालंय, सगळं थांबवून थांबवून दाखवी. बहुतेक वेळा त्याचंच बरोबर निघे, हे कबूल करायला हवं. बरोबर असण्याचीही चटक लागते, तशी ती त्याला लागली होती.

गोरख बोरीचाच. तो ज्या कंपनीत होता तिने जुन्नरच्या मुलखावर गेम केला आणि तीच जुनी बढाई मारली. सुनीलने व्हिडिओत सांगून टाकलं, "माझ्या गावाचं खोटं चित्र मी झोपेतही ओळखीन. चुकलो तर चॅनल बंद." गोरखने शब्द पकडला. तीन क्लिपा, खऱ्या की गेममधल्या ते भर सभेत, लोकांसमोर ओळखायचं.

पहिली क्लिप शिवनेरीच्या पायथ्याची होती. सकाळचं ऊन, वाऱ्यावर हलणारं गवत.

"खोटी," सुनील म्हणाला. "ढगाची सावली गडावरून सरकते, पण गवतावर पडतच नाही."

टाळ्या पडल्या. गोरखने नुसती मान हलवली.

दुसऱ्या क्लिपमध्ये उसाच्या कडेला कांद्याचं वावर होतं. एक बाई पाठमोरी बसून खुरपत होती. साडीवर गड्याचा जुना शर्ट, डोक्याला टॉवेल. मानेभोवती चामड्याचा पट्टा, आणि पट्ट्यातून बाहेर आलेले टोकदार खिळे.

पुढच्या रांगांतली कॉलेजची मुलं हसली. सुनीलही हसला. आता तो रंगात आला होता.

"बघा, इथं कंपनी फसली. लढाईच्या गेममधला पट्टा काढलाय आणि शेतकरणीला घातलाय. अरे, आमच्याकडं असला पट्टा कुत्र्याच्या गळ्यात घालतात, बाईच्या नाही."

हशा वाढला.

"सुनील, जरा दमानं घे राव," मागून आवाज आला. बोरीचे गेणभाऊ होते.

"संपू द्या गेणभाऊ." त्याने पडद्यावर बोट ठेवलं. "आणि हा डावा हात. सगळी बोटं वळतात, करंगळी मात्र काठीसारखी सरळ. कॉम्प्युटरवर सांगाडा बनवताना हाड चुकलंय. मी बोरीचा आहे, बोरीची बाई कशी दिसते ते मला शिकवू नका."

पुढे टाळ्या झाल्या. मागच्या रांगांत बोरीची माणसं बसली होती, तिथे कोणी हसलं नाही. सुनीलला वाटलं, त्यांना यातलं कळत नसेल.

तिसरी क्लिप जुन्नरच्या बाजाराची. "खरी," तो म्हणाला आणि खुर्चीत रेलून बसला.

गोरखने माइक हातात घेतला. सुनीलकडे बघायचं तो टाळत होता.

"पहिली बरोबर, सुनीलभाऊ. तिसरी पण बरोबर."

"आणि दुसरी?"

"दुसरी मी मोबाइलवर काढलीय. आपल्याच बोरीत, ह्याच आठवड्यात. आमच्या गेमचं त्यात काही न्हाई." तो घुटमळला. "म्हटलं, ही तर तुमी सगळ्यात आधी ओळखाल."

सुनीलचे कान तापले. आता माफी मागावी लागणार, चॅनल बंद करावं लागणार, आजचं हे चित्रण गावभर फिरणार. काय बोललं म्हणजे निभावेल, याचाच तो विचार करत राहिला.

मंगलबाई पिशवी घेऊन पुढे आल्या. डोळे खाली होते. चूक जणू त्यांचीच झाली होती.

"मी निघते रं. गेणभाऊ सोडतोय त्याच्या गाडीवर."

"आई, थांब जरा. माझं इथलं..."

"तुझं उरक तू. आमाला दिवस बुडायच्या आत पोचलं पायजे, सगळा रस्ता उसातनं हाये, आन् बिबट्या मानंलाच धरतो." त्या पिशवीत चाचपू लागल्या. "वाटंत अंधारलं तर बक्कल गावत न्हाई, हितंच घालून घेते."

त्यांनी पिशवीतून चामड्याचा पट्टा काढला, खिळे बाहेरच्या बाजूला करून तो मानेभोवती गुंडाळला, आणि मागे हात नेऊन बक्कल लावताना त्यांची डावी करंगळी तेवढी सरळच राहिली.