नळीवरची खूण

दाराची कडी वाजली आणि कितीतरी दिवस गप्प असलेलं घर जागं झालं. दारात माझा नवरा उभा होता. लढाईवरून आलेला, धडधाकट. माझे सासरे कारखान्यात रायफलीच्या नळ्या आतून घासतात. शिशाच्या दट्ट्याला तेल आणि बारीक पूड फासून तो नळीत मागेपुढे फिरवायचा, हाताला जिथे अडल्यासारखं वाटेल तिथे पुन्हा घासायचं आणि शेवटी नळीवर आपली खूण ठोकायची. ते नुकतेच कामावरून आले होते. नवऱ्याने त्यांचे काळेकुट्ट हात धरून गालांना लावले.

“अरे, धुऊ तरी दे! आल्या आल्या तोंड काळं करतोस?”

“होऊ दे. माझ्या रायफलीवर तुमची खूण होती, बाबा. शत्रूचा एक शिपाई आणि मी समोरासमोर आलो. माझी गोळी केसभरही ढळली नाही, म्हणून घर दिसलं.”

त्याने आमच्या लेकीला कडेवर उचललं. सासऱ्यांच्या त्या हातांचे उपकार या जन्मी फिटायचे नाहीत, असं मनात म्हणत मी डोळे पुसले.

बापाच्या कडेवरून लेक माझ्याकडे वळली.

“आई, मग त्या समोरच्या काकांच्या बाबांनी त्यांची नळी नीट घासली नव्हती का गं?”