डॅरेलचं कुलूप
युनियनचे फॉर्म वाटले म्हणून डॅरेलला जेवणाच्या सुट्टीतच कामावरून काढून टूवूंबा शहराकडे जाणाऱ्या गाडीत बसवलं, पण खाणीत त्याचं लाल कुलूप कोळसा वाहणाऱ्या पट्ट्याच्या स्विचवर तसंच राहिलं. दुरुस्तीआधी बंद स्विचवर प्रत्येकाने कुलूप लावायचं आणि ज्याचं त्यानेच काढायचं. शेवटचं निघेपर्यंत पट्टा सुरू होत नाही. काम संपल्यावर बाकीच्यांनी आपापली काढली, मयूरानेही काढलं. डॅरेलने दिलेला कोरा फॉर्म सकाळपासून तिच्या खिशात टोचत होता. सुपरवायझर विवेकने कटर पुढे केला. तिला कंत्राटावर त्यानेच चिकटवलं होतं. “काप ते. तुझं कॉन्ट्रॅक्ट संपत आलंय, उगाच भानगड नको.” तिने कटर घेतला, खाली ठेवला आणि आपलं कुलूप डॅरेलच्या कुलपाशेजारी परत लावलं. “तुझं काय काम राहिलंय?” “सही. पेन दे.” विवेक काही बोलणार तोच स्विचवर आणखी एकाचं कुलूप खटकन लागलं.